वाचकांचे प्रश्न : घरबसल्या येशूच्या चरित्राचा अभ्यास

प्रश्न : निवृत्तीनंतर येशू ख्रिस्ताचं चरित्र इतिहास म्हणून अभ्यासायचं आहे. मी ख्रिस्ती नाही, ग्रीक येत नाही. नेटवर शेकडो व्हिडिओ आहेत. सुरुवात कुठून करू? (मिरज)

उत्तर : व्हिडिओ तूर्त बाजूला ठेवा आणि मार्कचं शुभवर्तमान उघडा. (शुभवर्तमान म्हणजे बायबलमधलं येशूचं चरित्र; मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावांची अशी चार आहेत.) यूव्हर्जनच्या बायबल ॲपवर मराठी बायबल फुकट मिळतं. चारही शुभवर्तमानांत मार्क सगळ्यांत छोटं आहे. त्याचे 16 अध्याय दीड-दोन तासांत होतात, म्हणून ते एका बैठकीतच वाचा. बहुतेक अभ्यासक ते सर्वांत जुनं, इसवी सन 70च्या आसपासचं मानतात. मत्तय आणि लूक यांनी ते समोर ठेवून लिहिलं असाही सर्वसाधारण कौल आहे. मार्कमधला सुमारे नव्वद टक्के मजकूर मत्तयात या ना त्या रूपात सापडतो.

त्यानंतर व्याख्यानांकडे वळा. 'ओपन येल कोर्सेस'वर डेल मार्टिन यांचा नव्या करारावरचा, म्हणजे बायबलच्या येशूपासून सुरू होणाऱ्या भागावरचा, अभ्यासक्रम आहे. 2009 साली येल विद्यापीठाच्या वर्गात चित्रित झालेली ही 26 व्याख्यानं फुकट आहेत आणि प्रत्येकाचा लिखित उतारा सोबत आहे. ओळीने सगळी ऐकायला बसलात तर पौल या सुरुवातीच्या ख्रिस्ती प्रचारकाच्या पत्रांतच बरेच आठवडे जातील. चरित्रापुरती 3, 4, 6, 7, 9, 11 आणि 13 एवढी सात पुरेत. पहिली दोन रोमन जग आणि तेव्हाचा यहुदी समाज यांवर आहेत, मधली चार एकेका शुभवर्तमानावर, आणि तेरावं थेट ऐतिहासिक येशूवर.

आठवड्याला एकच घ्या, आणि आधी मूळ शुभवर्तमान वाचून मगच व्याख्यान ऐका. उलट केलंत तर मजकुरात प्राध्यापकांनी दाखवलेलंच दिसत राहतं आणि स्वतःचे प्रश्न पडायचे थांबतात. नावांची यादीही जवळ असू द्या : पीटर म्हणजे पेत्र, जेम्स म्हणजे याकोब, फॅरिसी म्हणजे परूशी (यहुद्यांमधला एक धार्मिक पंथ), पासओव्हर म्हणजे वल्हांडण (यहुद्यांचा मोठा सण). ही यादी नसली की इंग्रजी ऐकताना मराठी बायबलमधली जागा सापडत नाही.

प्रश्न : चारही शुभवर्तमानांतले प्रसंग वहीत एका क्रमाने लावत होतो. मंदिरातून व्यापाऱ्यांना हुसकावण्याच्या प्रसंगाशी अडकलो. योहान तो सुरुवातीलाच सांगतो, बाकीचे तिघे शेवटी. कुठे लिहू? (नाशिक)

उत्तर : चौघांची मिळून एक गोष्ट करायला गेलं की गाडी इथेच अडते. अशी एकत्र केलेली गोष्ट चौघांपैकी कोणीच सांगितलेली नसते, ती आपण तयार केलेली पाचवी असते. वही आडवी धरा आणि पाच रकाने आखा : प्रसंग, मत्तय, मार्क, लूक, योहान. मंदिराच्या प्रसंगासमोर मत्तय 21, मार्क 11, लूक 19, योहान 2 असे अध्याय लिहा. जो प्रसंग ज्याच्याकडे नाही, तो रकाना रिकामा सोडा. रिकामे रकाने फार बोलके असतात. जन्मकथा मार्क आणि योहान यांच्याकडे नाही. शेवटच्या भोजनात भाकरी आणि द्राक्षारस देतानाचे शब्द योहानात नाहीत. तिथे तेराव्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो.

वधस्तंभाच्या दिवसाचंच पाहा. मार्क 14:12 (चौदावा अध्याय, बारावं वचन) प्रमाणे शेवटचं भोजन हे वल्हांडणाचं भोजन आहे, म्हणजे मृत्यू त्याच्या दुसऱ्या दिवशी. योहान 19:14 मात्र म्हणतो की पिलात या रोमन अधिकाऱ्यासमोरचा निवाडा वल्हांडणाच्या तयारीच्या दिवशी झाला. म्हणजे मंदिरात सणाची कोकरं कापली जातात त्याच दिवशी येशू मरतो. आता योहानाचा पहिला अध्याय काढा : बाप्तिस्मा करणारा योहान (शुभवर्तमानाला ज्याचं नाव आहे तो नव्हे, दुसरा) येशूकडे बोट दाखवून त्याला 'देवाचा कोकरा' म्हणतो. दिवसातला फरक योहानाला काय सांगायचं आहे ते दाखवतो. दोन्ही दिवसांचा मेळ घालणारे खुलासे नेटवर भरपूर मिळतील. ते जरूर वाचा, पण रकाने भरून झाल्यावर.

येशूने तीन वर्षं उपदेश केला हा समजही योहानावरच उभा आहे. त्याच्याकडे तीन वल्हांडण सण येतात (2:13, 6:4, 11:55), बाकीच्या तिघांच्या कथेत या काळात एकच.

प्रश्न : येशूचा जन्म इसवी सनाच्या आधीचा कसा? (पुणे)

उत्तर : इसवी सनाची गणना सहाव्या शतकात डायोनिसियस एग्झिगस या साधूने केली आणि ती थोडी चुकली. मत्तयाप्रमाणे येशू जन्मला तेव्हा हेरोद राजा जिवंत होता, आणि बहुतेक इतिहासकार हेरोदाचा मृत्यू इसवी सनपूर्व 4 मध्ये धरतात. म्हणून जन्म साधारण इसवी सनपूर्व 6 ते 4. लूक मात्र क्विरिनियस या रोमन सुभेदाराच्या शिरगणतीचा उल्लेख करतो, ती इसवी सन 6 ची. ही गाठ अजून सुटलेली नाही. मृत्यूबाबत जमीन जास्त पक्की आहे. पिलात 26 ते 36 या काळात यहुदियाचा रोमन अधिकारी होता आणि त्याचं नाव कोरलेला दगड 1961 साली कैसरियात सापडला. मृत्यूचं वर्ष बहुधा 30 किंवा 33 धरतात.

प्रश्न : जुनी हस्तलिखितं घरी बसून पाहता येतात का? (ठाणे)

उत्तर : येतात, आणि ग्रीक येत नसलं तरी जरूर पाहा. कोडेक्स सिनायटिकस हे चौथ्या शतकातलं बायबल 2009 पासून नेटवर खुलं आहे. त्यात मार्कचं शेवटचं पान काढा. मजकूर 16:8 ला संपतो. रिकाम्या कबरीपासून स्त्रिया घाबरून पळतात, एवढंच. आपल्या छापील बायबलमधली 9 ते 20 ही वचनं तिथे नाहीतच. मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयातला पपायरस 52 हा हस्तलिखिताचा तुकडाही नेटवर आहे. उंची जेमतेम 9 सेंटिमीटर, दोन्ही बाजूंना योहानाच्या अठराव्या अध्यायातल्या ओळी, पिलातासमोरच्या चौकशीच्या. बहुतेक जण तो दुसऱ्या शतकातला मानतात.

प्रश्न : तरुणपणी येशू भारतात आला होता, असे व्हिडिओ सारखे येतात. त्यात तथ्य किती? (नागपूर)

उत्तर : पुरावा नाही. ही गोष्ट निकोलास नोटोविच या रशियन प्रवाशाने 1894 साली छापली. लडाखच्या हेमिस मठात आपल्याला येशूचं चरित्र सापडलं, असा त्याचा दावा होता. आग्र्याचे प्राध्यापक आर्चिबाल्ड डग्लस 1895 मध्ये हेमिसला गेले, तेव्हा असं कोणतंही हस्तलिखित मठात नसल्याचं तिथल्या प्रमुख लामांनी सांगितलं. बारा ते तीस या वयाबद्दल शुभवर्तमानं गप्प आहेत. व्हिडिओ कोणताही असो, हस्तलिखित कुठे आहे, कोणत्या काळचं आहे आणि कोणी पाहिलं, एवढं आधी तपासा.

प्रश्न : मराठी 'ख्रिस्तपुराण' वाचून हा अभ्यास होईल का? (मडगाव)

उत्तर : पहिल्या शतकाचा नाही होणार. फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 साली गोव्यात छापलेल्या या ग्रंथातून सतराव्या शतकातल्या गोव्यात ही कथा भक्तांना कशी सांगितली जात होती ते कळतं, आणि त्यासाठी तो अमोल आहे. 10,962 ओव्या पाहून दडपून जाऊ नका. पहिलं पुराण जुन्या कराराचं, म्हणजे बायबलच्या येशूआधीच्या भागाचं आहे. येशूचं चरित्र दुसऱ्या पुराणात येतं, तिथूनच वाचायला घ्या.