वाचकांचे प्रश्न: पॉवर सारखीच, मग घाटात एवढा फरक का?

प्रश्न: माझ्याकडे यामाहा आर१५ आहे आणि दादाकडे रॉयल एनफील्डची क्लासिक ३५०. कागदावर माझी पॉवर १८.४ पीएस, त्याची साधारण २०.५, वर माझी गाडी पन्नासेक किलोनं हलकी. तरी कुंभार्ली घाटात डबल सीट जाताना दादा वरच्या गियरवर निवांत चढतो आणि मला सारखं खालचा गियर टाकत बसावं लागतं. माझ्या इंजिनात काही बिघाड आहे का? मित्र म्हणतो बुलेटचा स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास) लांब असतो म्हणून तिला टॉर्क (फिरवण्याचा जोर) जास्त.
*एक वाचक, चिपळूण*

उत्तर: बिघाड काहीही नाही, गॅरेजला पैसे घालू नका. आकडे तुम्ही बरोबर वाचलेत, फक्त प्रत्येक आकड्यासमोर जे आरपीएम (मिनिटाला इंजिनच्या फेऱ्या) लिहिलेलं असतं ते सोडून दिलंत आणि सगळा खेळ तिथेच आहे.

क्लासिकची सगळ्यात जास्त पॉवर ६,१०० आरपीएमला आणि सगळ्यात जास्त टॉर्क २७ एनएम (न्यूटन-मीटर) ४,००० ला. तुमच्या गाडीची पॉवर १०,००० ला आणि टॉर्क १४.२ एनएम ७,५०० ला. आता एक साधा हिशोब करा, टॉर्कला आरपीएमनं गुणायचं आणि ७,०२३ नं भागायचं, की त्या जागेची पॉवर पीएसमध्ये मिळते. क्लासिक ४,००० वर १५.४ पीएस देते. तुमची आर१५ ७,५०० वर देते १५.२. म्हणजे दोघींकडे जवळपास तेवढीच ताकद आहे, पण ती द्यायला तुमचं इंजिन जवळजवळ दुप्पट फिरायला लागतं. दादा ज्या आरपीएमला घाट चढतो त्याच आरपीएमला तुम्ही चढायला बघता म्हणून गाडी दम टाकते.

घाटाला ताकद किती लागते तेही सांगतो, कारण लोक उगाच फार मोठे आकडे धरून चालतात. एक पीएस म्हणजे ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलणं. क्लासिक, दोन माणसं आणि बॅग मिळून ३५० किलो धरा, स्पीड ४०, म्हणजे सेकंदाला ११ मीटर, आणि चढ दहा मीटरला एक मीटर. म्हणजे सेकंदाला १.१ मीटर वर जायचंय, त्याला पाचेक पीएस पुरतात. वारा, टायर, चेन यात जातं ते धरून साधारण सात. बस्स! तुमच्या हलक्या गाडीला तर सहाच. वीस पीएस कुठे लागतच नाहीत, प्रश्न फक्त हे सहा-सात पीएस किती आरपीएमला मिळतात एवढाच. अगदी पूर्ण टॉर्क खालपासूनच मिळतो असं धरलं तरी क्लासिकला १,८०० आरपीएम पुरतात आणि आर१५ ला ३,०००. प्रत्यक्षात तेवढ्या खाली पूर्ण टॉर्क नसतो, त्यामुळे दोघींनाही यापेक्षा वर फिरावं लागतं, आर१५ ला तर बरंच वर.

मित्राचं स्ट्रोकवालं म्हणणं मात्र अर्धवट आहे आणि हा गैरसमज इतका पसरलाय की मला त्यावर दोन शब्द जास्त लिहायचेत. क्लासिकचा बोअर (सिलिंडरची रुंदी) ७२ आणि स्ट्रोक ८५.८ मिलिमीटर, हे खरं. स्ट्रोक लांब म्हणजे क्रँकचा (पिस्टननं फिरणाऱ्या दांड्याचा) हात लांब, म्हणून टॉर्क जास्त, असं लोक म्हणतात. पण तेवढ्याच सीसीत स्ट्रोक लांब केला की पिस्टन लहान होतो आणि त्याच्यावर पडणारा दाबाचा जोर कमी होतो, एका हातानं मिळालेलं दुसऱ्या हातानं जातं. टॉर्क येतो मुख्यतः सीसीतून. दर १०० सीसीला किती टॉर्क पडतो ते काढून बघा: क्लासिक ७.७ एनएम, ९७ सीसीची स्प्लेंडर ८.३, तुमची आर१५ ९.२, आताची ३९९ सीसीची ड्यूक ३९० साधारण ९.८. या चौघींत क्लासिक सगळ्यात खाली आहे! तिचं इंजिन मोठं आहे, म्हणून टॉर्क मोठा दिसतो. लांब स्ट्रोकचा खरा परिणाम दुसराच, एका फेरीत पिस्टनला जास्त अंतर कापावं लागतं, त्यामुळे त्या इंजिनाला १०,००० वर नेता येत नाही. मग कंपनी कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा भाग), व्हॉल्व्ह, फ्लायव्हील (इंजिनातलं जड चाक) सगळं खालच्या आरपीएमसाठी बसवते, आणि घाटात जे जाणवतं ते हे.

तुम्ही काय करायचं? चढ सुरू व्हायच्या आधीच खालचा गियर टाका आणि इंजिन ६,०००-७,००० ला बिनधास्त फिरू द्या. आवाज वाढला म्हणजे इंजिनला त्रास होतोय असं नाही, ते त्यासाठीच बनवलंय. तुमच्या इंजिनात व्हॉल्व्हचा दुसरा कॅमही ७,४०० च्या आसपास कामाला लागतो. खरा त्रास उलट्या गोष्टीनं होतो, वरचा गियर, आरपीएम कमी आणि ॲक्सिलरेटर पूर्ण पिळलेला. वरंधा घाटात मी स्वतः एकदा हट्टानं चौथा गियर धरून ठेवला होता आणि इंजिन असं खडखडायला लागलं की थांबून बघावंसं वाटलं. तेव्हापासून मी घाटात गियर टाकायला लाजत नाही.

प्रश्न: रॉयल एनफील्डची हिमालयन ४११ चार वर्षं वापरतोय, आता ४५० घ्यायचा विचार आहे. नव्या गाडीला टॉर्क जास्त असून खाली ती ‘ओढत नाही’ असं ग्रुपमधले सगळे म्हणतात. हे कसं शक्य आहे?
*एक वाचक, कोल्हापूर*

उत्तर: शक्य आहे, आणि ग्रुपवाले खोटं बोलत नाहीयेत. ४११ चा टॉर्क ३२ एनएम, तो ४,०००-४,५०० लाच येतो आणि पॉवर ६,५०० ला साधारण २४.५ पीएस. ४५० चा टॉर्क ४० एनएम पण ५,५०० ला, पॉवर ४० पीएस ८,००० ला. दगडगोट्यांच्या वाटेवर, दुसऱ्या गियरवर, स्पीड पंधरा-वीस असताना तुम्ही ४,००० च्या जवळपासही नसता. तिथे जाहिरातीतला आकडा कामाचा नाही, तिथे फ्लायव्हीलचं वजन आणि इंजिन खाली किती शांत चालतं हेच कामाला येतं, आणि ४११ त्यात फार गोड गाडी आहे. ४५० वर तीच वाट एक गियर खाली ठेवून करायची, सवय व्हायला वेळ लागतो पण होते.

हायवेला मात्र हिशोब पूर्ण उलटतो. स्पीड दुप्पट केला की वारा कापायला लागणारी ताकद आठपट होते, दुप्पट नाही. शंभरवर सरळ रस्त्याला वारा, टायर, चेन सगळं मिळून चौदाएक पीएस जातात. ४११ कडे त्यानंतर दहा उरतात, ४५० कडे सव्वीस. पुणे-बेंगळुरू रोडला ट्रक ओव्हरटेक करताना हा फरक काय असतो ते तुम्हाला चार वर्षांत कळलंच असेल. तुमचं फिरणं निम्म्याहून जास्त हायवेचं असेल तर बदला, आंबोली-गगनबावड्याच्या आडवाटाच जास्त असतील तर मी ४११ विकणार नाही. टेस्ट राइडला शोरूमसमोरचा सरळ रस्ता नको, एखादा चढ मागा आणि क्लच न दाबता दुसऱ्या गियरवर हळू चढवून बघा.

प्रश्न: वडिलांच्या जुन्या गाडीच्या पुस्तकात टॉर्क केजीएममध्ये (किलोग्रॅम-मीटर) आहे, नव्या गाड्यांचा एनएममध्ये, पॉवर कुठे पीएस कुठे बीएचपी. तुलना कशी करू?
*एक वाचक, अकोला*

उत्तर: केजीएमला ९.८ नं गुणा, एनएम आला. बीएचपी आणि पीएसमध्ये फरक दीड टक्क्याचा, तो सोडून दिलात तरी चालेल. एकच लक्षात ठेवा, कंपनीचा आकडा क्रँकवरचा असतो. कोणी डायनोवर (ताकद मोजायच्या मशीनवर) गाडी चढवून मागच्या चाकाचा आकडा सांगितला तर तो दहा-पंधरा टक्क्यांनी कमीच येणार, त्यावरून कंपनीनं फसवलं म्हणून भांडायला जाऊ नका.