तळ्याकडून रंग मागू नका

प्रवासाला निघण्याआधी : वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

ज्वालामुखीच्या विवरांतल्या रंगीत तळ्यांबद्दल या महिन्यात इतकी पत्रं आली आहेत की सगळी जागा त्यांनाच देते. भूगोल शिकवण्यात माझा जन्म गेला आणि या तळ्यांच्या काठावर मी स्वतः उभी राहिले आहे, त्यामुळे उत्तरं जरा लांबतील.

प्रश्न : नमस्कार बाई. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं, मुलगा आणि सासूबाई आठ दिवस बालीला जातोय. इंडोनेशियातल्याच केलिमुतुचा फोटो पाहिला. एक तळं फिरोजी, एक लाल, एक काळं. हे तिन्ही रंग एकदम कुठल्या महिन्यात दिसतात? आणि बालीहून एका दिवसात जाऊन येता येईल का? (राजारामपुरी)

तुम्ही पाहिलेला फोटो खोटा नाही, पण तो त्या दिवसाचा आहे. तुम्ही जाल तेव्हा तिन्ही तळी हिरवी असतील, किंवा दोन निळी आणि एक चॉकलेटी असेल. महिना बघून ते ठरत नाही.

केलिमुतु हा फ्लोरेस बेटावरचा १,६३९ मीटर उंचीचा ज्वालामुखी. माथ्यावर तीन विवरं, तिन्हींत पाणी. पाणी पावसाचंच, पण खाली अजून धग आहे. तळातून गंधकाचे वायू वर येतात आणि पाण्याचं आम्ल होतं. गंधकाचे डोळ्यांना न दिसणारे कण पाण्यात तरंगत राहिले की त्यांच्यावरून प्रकाश विखुरतो आणि पाणी दुधाळ फिरोजी दिसतं. खडकातून लोह विरघळून येतं. ऑक्सिजन कमी असला तर त्या लोहाने पाणी हिरवट दिसतं, ऑक्सिजन मिळाला की तांबूस तपकिरी. आपल्या पावसाळ्यात खिडकीच्या गजांवर जो गंज चढतो त्यामागेही हीच क्रिया आहे. वायू किती येतो ते ज्वालामुखीवर अवलंबून, पाणी किती पातळ होतं ते पावसावर. दोन तळ्यांच्या मध्ये फक्त एक भिंत आहे, तरी त्यांचे रंग वेगळे, कारण प्रत्येकाच्या तळाशी चाललेलं वेगळं आहे.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच की, ठरावीक रंग बघायचा म्हणून जाऊ नका. रंग मनात धरून गेलेली माणसं काठावर काय करतात ते मी पाहिलं आहे. फोटोतल्यासारखं दिसेना की कठड्यावर चढतात, कठडा ओलांडून कडेला जातात. कडेची माती भुसभुशीत असते आणि खाली आम्ल. पडलेल्या माणसाला वर काढायला तिथे कुणी उतरू शकत नाही. जे असेल ते बघायचं, असं ठरवून गेलेला माणूस कठड्याच्या आतच उभा राहतो.

एका दिवसाचं म्हणाल तर नाही. बालीहून विमानाने फ्लोरेसवरचं एन्दे किंवा माउमेरे, तिथून गाडीने केलिमुतुखालचं मोनी गाव. एन्देहून मोनी पन्नासेक किलोमीटर, पण रस्ता डोंगरातला, वळणावळणाचा. आपल्या गगनबावड्याच्या घाटाची सवय असेल तर घाबरायचं कारण नाही, मात्र मुलाला गाडी लागत असेल तर गोळी द्या. मोनीत निदान दोन रात्री राहा. डोंगरावर सकाळ वर आली की ढग चढतात, म्हणून सगळे पहाटे चारला निघतात. एक पहाट धुक्यात गेली तर दुसरी हाताशी हवी. मी गेले तेव्हा पहिल्या पहाटे कठड्यापलीकडे पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. वर कॉफी विकायला बसलेल्या बाईंकडून कॉफी घेतली, तासभर बसले आणि खाली आले. दुसऱ्या पहाटे ऊन पडलं.

मोनीत मोठी हॉटेलं नाहीत, गावकऱ्यांचे होमस्टे आहेत. तिथेच राहा, तिथेच जेवा, गाडीही गावातलीच घ्या. बालीच्या टूरवाल्याकडून सगळं एकगठ्ठा घेतलं तर पैसे बालीतच राहतात, आणि डोंगराखालच्या गावाला मिळतो तो फक्त आपला कचरा. आसपासच्या गावांत तिथल्या लिओ जमातीच्या बायका हातमागावर इकत, म्हणजे आधी सूत रंगवून केलेलं नक्षीचं कापड, विणतात. घ्यायचं असेल तर विणणारीकडूनच घ्या आणि घासाघीस फार करू नका. आपल्याकडच्या साडीइतकेच कष्ट त्यात असतात.

दिवाळीच्या दिवसांत तिथला कोरडा हंगाम संपत आलेला असतो, तेव्हा छत्री आणि स्वेटर दोन्ही ठेवा. वाहनतळापासून पुढे चालावं लागतं आणि शेवटी पायऱ्या आहेत. सासूबाई जोतिबाच्या पायऱ्या चढत असतील तर इथेही सावकाश चढतील.

निघण्याआधी इंडोनेशियाच्या ज्वालामुखी खात्याची सूचना बघा. त्यांच्या चार पातळ्या आहेत आणि पहिली म्हणजे नेहमीची स्थिती. दुसरी असेल तर काठापासून किती लांब राहायचं ते त्या सूचनेतच लिहिलेलं असतं. तिसरी किंवा चौथी असेल तर जायचं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये याच बेटाच्या पूर्वेकडच्या लेवोतोबी लाकी-लाकीचा उद्रेक झाला, माणसं मेली, आणि राखेमुळे बालीची विमानंसुद्धा रद्द झाली. आठ दिवसांच्या सहलीत हे सगळं बसत नसेल तर या खेपेला बाली नीट बघून या. फ्लोरेससाठी वेगळी सुट्टी काढा.

प्रश्न : बाई, आमच्या आई ऐंशीच्या घरात आहेत. केलिमुतुची तळी तिथल्या लोकांना पवित्र आहेत असं कळल्यापासून त्या म्हणतात, मी पाण्यात नारळ आणि ओटी सोडणार. आम्ही समजावतोय, पण मनात आमच्याही आहे. चालेल का? (गडहिंग्लज)

पाण्यात काही सोडू नका. पण आईंच्या मनात आलं ते मला फार आवडलं, कारण त्या जागेकडे फोटोची जागा म्हणून न बघणारं हे एकच पत्र आहे.

लिओ लोकांची श्रद्धा अशी की माणूस गेल्यावर त्याचा आत्मा केलिमुतुवर येतो. दाराशी कोंदे रातू हा राखणदार असतो. मग वय आणि कर्म बघून आत्मा तळ्यात जातो. म्हाताऱ्यांचे आत्मे तिवू आता म्बुपूत, तरुणांचे तिवू नुवा मुरी को'ओ फाईत, आणि ज्यांनी आयुष्यभर वाईट केलं त्यांचे तिवू आता पोलोत. दरवर्षी १४ ऑगस्टला तिथले लोक वर जाऊन पूर्वजांना जेवण ठेवतात. भात असतो, मांस असतं, सुपारी असते. आपण सर्वपित्रीला पान वाढतो, त्यामुळे आईंना हे वेगळं सांगावं लागणार नाही.

पण ते पान त्यांच्या माणसांनी, त्यांच्या पूर्वजांना, ठरलेल्या जागी ठेवायचं असतं. दुसऱ्याच्या घरातल्या पितरांना आपण परस्पर पान वाढत नाही. शिवाय नारळ आम्लात पडला की काढता येत नाही, आणि एकाने टाकला की मागून येणारा फुलं टाकतो, त्याच्या मागचा नाणी. आपण पंचगंगेचं काय करून ठेवलं होतं ते आठवा. मूर्ती नदीऐवजी काहिलीत आणि इराणी खणीत, म्हणजे जुन्या दगडखाणीच्या पाण्यात, विसर्जित करायला, निर्माल्य वेगळं द्यायला कोल्हापूरला किती वर्षं लागली! इतक्या कष्टाने इथे जे शिकलो ते फ्लोरेसला पोचल्यावर विसरायचं नाही.

आईंना सांगा, काठावर उभं राहून हात जोडा, चपला काढाव्याशा वाटल्या तर काढा. मोनीत ज्यांच्या घरी उतराल त्या घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा की आम्हाला काही द्यायचंय, कुठे द्यावं. नारळ त्या घरी दिलात तर तो स्वयंपाकात जाईल आणि तुमच्याच पानात येईल. वर मोठ्याने गाणी लावू नका, पाण्यात दगड फेकू नका. माकडं आली तर खाऊ देऊ नका. ती माणसाच्या हातातलं ओढायला शिकतात आणि पुढच्या म्हाताऱ्या माणसाला त्यांचा त्रास होतो.

प्रश्न : बाई, आम्ही चार मित्र जावा बेटावरच्या कावाह इजेन ज्वालामुखीवर रात्री ब्लू फायर बघायला जाणार. आमच्यातल्या एकाला दमा आहे, पण मास्क भाड्याने मिळतो म्हणे. रील पण करायचंय. सगळी दुनिया जाते, काय होत नाही, असं पोरं म्हणतात. तुमचं काय मत? (शाहूपुरी)

दमा असलेल्या मित्राने विवरात उतरायचं नाही. यावर माझ्याशी वाद घालू नका. ती निळी आग म्हणजे गंधकाचे वायू जळत असतात, आणि जळून जो धूर होतो तो सल्फर डायऑक्साइड. वारा फिरला की तो क्षणात अंगावर येतो. मास्क धडधाकट माणसाला तिथून बाहेर पडण्यापुरता वेळ देतो, तेवढंच त्याचं काम. मित्राला वर काठावर थांबू दे आणि तुमच्यापैकी एक जण त्याच्याबरोबर थांबा. उजाडल्यावर वरूनच तळं दिसतं आणि ते आगीपेक्षा सुंदर आहे. इतकं आम्लधर्मी आणि इतकं मोठं विवरातलं तळं जगात दुसरं नाही.

'काय होत नाही' म्हणणाऱ्या पोरांना तीन गोष्टी सांगा. मार्च २०१८ मध्ये इजेनमधून वायू बाहेर पडला आणि डोंगराखालच्या गावातल्या, घरात असलेल्या माणसांना दवाखान्यात न्यावं लागलं. एप्रिल २०२४ मध्ये याच काठावर फोटोसाठी मागे सरकताना एक पर्यटक बाई खाली पडून गेली. आणि ९ डिसेंबर २०१९ ला न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर, नेहमीच्या सहलीत, गाईड बरोबर असताना, विवराचा उद्रेक होऊन २२ जणांनी जीव गमावला. त्याआधी कित्येक वर्षं तिथेही सगळी दुनियाच जात होती. कोस्टा रिकात पोआस नावाचा ज्वालामुखी आहे. २०१७ च्या उद्रेकानंतर तिथे आधी नोंदणी, डोक्यावर हेल्मेट आणि विवरापाशी फक्त वीस मिनिटं असा नियम झाला. मला तो नियम पटतो. वीस मिनिटांत डोळे भरून बघता येतं.

आता रीलबद्दल. इजेनला तुम्हाला गंधक वाहणारे कामगार भेटतील. विवरात नळ्यांतून वायू थंड करतात, लाल द्रव ठिबकतो आणि थिजून पिवळा होतो. तो फोडून दोन टोपल्यांत भरायचा, कावड खांद्यावर घ्यायची आणि सत्तर-ऐंशी किलो वजन घेऊन ती खडी वाट चढायची. याच वाटेवर तुम्ही ट्रायपॉड लावणार. कावड घेतलेला माणूस थांबला तर त्याला पुन्हा तोल सावरावा लागतो, म्हणून डोंगराच्या बाजूला सरकून त्याला आधी जाऊ द्या. त्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा रोखू नका. फोटो हवा असेल तर तो टेकलेला असताना विचारा, नाही म्हणाला तर नाही. त्यांच्यातले काही आता वाटाडे झालेत. तसाच एखादा वाटाड्या घ्या आणि ठरलेल्यापेक्षा जास्त पैसे द्या. वाऱ्याची दिशा त्याला तुमच्या फोनपेक्षा आधी कळते. तो 'आज उतरायचं नाही' म्हणाला तर हुज्जत न घालता मागे फिरा.

प्रश्न : ड्रोन न्यावा का? (इचलकरंजी)

नको. परवानगी काढावी लागते, आणि मिळाली तरी पहाटेच्या त्या शांततेत शंभर माणसांच्या डोक्यावर तो घोंघावू नये.

प्रश्न : बाई, परदेशात कशाला जायचं? जोतिबाचा डोंगर पण जुना ज्वालामुखीच आहे म्हणतात. आणि लोणार आपल्याकडेच आहे, ते पण लाल होतं. ते परत लाल कधी होणार? (कागल)

जोतिबाचा डोंगर लाव्हाचा आहे, पण ज्वालामुखी नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा वाहिला आणि थरावर थर बसले. तोच आपला काळा पाषाण. पन्हाळा, जोतिबा हे त्या थरांचे झीज होऊन उरलेले तुकडे. वरचा जांभा नंतर हवापाण्याने झाला. त्यांच्या माथ्यावर विवर शोधू नका, नाही सापडणार.

लोणारचं विवरही ज्वालामुखीचं नाही. त्याच काळ्या पाषाणावर आकाशातून आलेला दगड आदळला आणि जवळजवळ १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला. त्या आघाताने खडकातल्या खनिजाची काच झाली, आणि शास्त्रज्ञांनी पुरावा म्हणून तीच दाखवली. पाणी खारं आणि अल्कधर्मी आहे, म्हणजे इजेनच्या अगदी उलट.

जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. उन्हाळ्यात पाणी आटून खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव माजले, त्यांचा तो रंग होता. पुढे ते तळाशी बसले आणि रंग गेला. परत कधी होणार याची तारीख कुणी देऊ शकत नाही. गुलाबी झालं की जायचं असं ठरवून बसलात तर लोणार कधीच बघणार नाही, आणि हिरवं लोणारही बघण्यासारखं आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, त्याआधीपासून ते अभयारण्य आहेच. विवरात दाट झाडी आहे, मोर आहेत, काठावर जुनी देवळं आहेत. गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ चुकवू नका.

विवराच्या काठावरच्या गोमुख झऱ्याच्या धारेखाली साबण लावू नका, कारण ते पाणी शेवटी तळ्यातच उतरतं. आठवण म्हणून दगड उचलून आणू नका. तिथल्या प्रत्येक दगडात अभ्यास करणाऱ्याला काहीतरी सापडतं. पिशव्या, बाटल्या ज्या न्याल त्या परत आणा. स्थानिक वाटाड्या घ्या, कारण झाडीत वाटा फुटतात. थंडीत जा. कागलहून गाडीने पोचायला पूर्ण दिवस धरा, रात्री लोणारातच मुक्काम करा आणि सकाळी लवकर विवरात उतरा, म्हणजे ऊन तापायच्या आत वर चढून याल.