अपघातानंतरची दुखणी आणि झाडपाल्याचे औषध

अपघात होऊन महिने उलटले, तपासण्यांत काही निघाले नाही, तरीही मान दुखते, डोके जड राहते, झोप लागत नाही. मग झाडपाल्याचे औषध घ्यावे का, असे गोव्यात अनेक जण मला, समुपदेशक म्हणून, विचारतात. फोंड्याच्या एका शिक्षिकेचा अनुभव, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून, येथे सांगते.

फोंडा-मडगाव रस्त्यावरच्या बोरी पुलाजवळ त्यांच्या कारला मागून ट्रकची धडक बसली. अशा धडकेत मान झटक्याने मागेपुढे होऊन स्नायू ताणले जातात आणि हा ताण एक्स-रेमध्ये दिसत नाही. म्हणून रिपोर्ट नॉर्मल असूनही त्यांचे दुखणे खरेच होते, हे मी आधी त्यांच्या घरच्यांना सांगितले. सासूबाईंनी वैद्यांकडून आणलेले चूर्ण पुढे करून शिक्षिका म्हणाल्या, "मॅडम, हे घेतले तर चालेल ना? निदान झोपेची गोळी तरी सुटेल."

चूर्णात अश्वगंधा होती आणि त्या थायरॉईडचीही गोळी घेत होत्या. अश्वगंधेमुळे थायरॉईड संप्रेरकांचे प्रमाण वाढू शकते, झोपेच्या गोळीबरोबर गुंगी वाढू शकते आणि क्वचित यकृतालाही इजा होते. औषधाचा निर्णय समुपदेशकाने देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. म्हणून सर्व गोळ्यांची यादी घेऊन मी त्यांना डॉक्टर आणि वैद्य या दोघांकडेही पाठवले. वैद्यांना या गोळ्यांची कल्पनाच कोणी दिली नव्हती. यादी पाहताच त्यांनी चूर्ण थांबवून मानेला लावायला केवळ तेल दिले, याचे मला फार समाधान वाटले.

फिजिओथेरपीच्या व्यायामांनी मान सुधारत गेली, झोप मात्र सुधारेना. हॉर्न ऐकताच छातीत धडधडणे, स्वप्नात तोच ट्रक दिसणे आणि मडगावला जाणेच टाळणे, हे सारे महिन्याहून अधिक काळ टिकले होते, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांचे मत घेतले. टाळण्याने भीती पक्की होत जाते आणि हे टाळणे कोणत्याही चूर्णाने सुटत नाही. आम्ही आधी अपघाताबद्दल सविस्तर बोललो; नंतर त्या यजमानांशेजारी बसून, मग कदंबच्या सरकारी बसने आणि शेवटी स्वतः कार चालवत पूल ओलांडू लागल्या. या काळात झोपेची गोळी डॉक्टरांनीच हळूहळू कमी केली.

डोक्याला मार लागलेल्यांनी, विशेषतः रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी, एक गोष्ट लक्षात ठेवावी: काही आठवड्यांनंतरही डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या, गुंगी आली किंवा हातापायातली शक्ती गेली, तर कोणताही काढा न घेता 108 ला फोन करावा.