प्रश्नाला ‘नाही’ असंही उत्तर येऊ द्यावं

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझा संशोधन आराखडा नीट वाचला. ‘जागतिकीकरणोत्तर मुंबईतील श्रमिक स्त्रियांची बदलती अस्मिता’ हा विषय समितीपुढे सहज मंजूर होईल. तरीही त्यावर तू पुढची चार-पाच वर्षं घालवावीस असं मला वाटत नाही. या शीर्षकाखाली काहीही गोळा केलंस, कुणालाही भेटलीस, तरी शेवटी निष्कर्ष एकच निघणार, की अस्मिता बदलली आहे. ते तुला आजच ठाऊक आहे. मग त्यासाठी लालबाग-परळच्या बायकांची दुपार कशाला मोडायची?

संशोधनाचा प्रश्न असा हवा की त्याला ‘नाही’ असंही उत्तर येऊ शकेल. कागद तोंडावर सांगेल की बाई, तुझा अंदाज खोटा आहे; किंवा समोर बसलेली आजी म्हणेल की असं नव्हतंच मुळी. ही शक्यता ज्या प्रश्नात नाही त्याच्याभोवती कितीही संदर्भ रचले तरी तो प्रश्न होत नाही.

आणि असा प्रश्न तुझ्याकडे आहे. आराखड्याच्या शेवटाकडे एका तळटिपेत तू लिहिलं आहेस की तुझी आजी लालबागला खाणावळ चालवायची. एवढं एकच वाक्य, तेही ‘प्रास्ताविक प्रेरणा’ म्हणून. मुख्य मजकुरात मात्र युरोपातल्या विचारवंतांची पानंच्या पानं. ती वाचलीस हे चांगलं झालं, पुढे उपयोगी पडतील. पण तुझा विषय त्या तळटिपेत आहे.

रत्नागिरीहून, साताऱ्याहून जो माणूस गिरणीत भरती व्हायला आला, तो बहुतेक वेळा बायकामुलांना गावी ठेवून आला. एका खोलीत अनेक जण, पाळीप्रमाणे झोपायचे आणि चाळीतल्याच एखाद्या बाईकडे महिन्याच्या हिशेबाने जेवायचे. पगार झाला की पैसे. गिरणगावाचा इतिहास आपण गिरणी, युनियन, संप असा लिहीत आलो. त्यासाठी कागद भरपूर आहेत, कारण सरकार, मालक आणि युनियन तिघंही कागद करत होते. दोन वेळचं जेवण घालणाऱ्या बाईचा कागद कुणी केला?

इथेच खरी गंमत आहे, नीट बघ. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने १९२३ साली कामगारांच्या घरखर्चाचा अहवाल छापला. त्यात कुटुंबांचे खर्च आहेत आणि एकट्या राहणाऱ्या पुरुषांचेही. हा एकटा पुरुष महिन्याला जेवणापायी जे देतो, तो त्याचा खर्च म्हणून नोंदला जातो. पण तेच पैसे कुणाच्या तरी हातात जाताहेत, कुणाची तरी कमाई होताहेत. ती कमाई कुटुंबांच्या तक्त्यात कुठे दिसते का? दिसली तर कुणाच्या नावावर, नवऱ्याच्या की तिच्या? पुढे १९३१च्या जनगणनेने माणसं ‘कमावणारे’, ‘काम करणारे आश्रित’ आणि ‘काम न करणारे आश्रित’ अशी वाटली. तीस जणांचं जेवण रांधणारी बाई यातल्या कुठल्या रकान्यात गेली असेल? हे तक्ते शेजारी शेजारी ठेवून, पेन्सिल घेऊन बस. एवढ्यातून एक प्रकरण उभं राहतं.

दुसरा धागा गिरणीच्या आतला. बायका मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या खात्यांत होत्या. १९२९ साली मुंबईत प्रसूती लाभाचा कायदा आला, रात्रपाळीला स्त्रियांना बंदी होतीच, यंत्रांची फेररचना चालू होती, आणि पुढच्या दशकांत गिरणीतल्या बायकांचं प्रमाण घसरत गेलं. गिरणीतून बाहेर पडलेल्या बायकाच खाणावळींकडे वळल्या असं म्हणायचा मोह होतो. मोह होतो म्हणूनच तपासून बघ. कदाचित खाणावळी चालवणाऱ्या बायका निराळ्याच असतील, गिरणीत कधी पाऊलही न टाकलेल्या.

तिसरा धागा जवळचा आहे आणि तुझ्या हाताला लवकर लागेल. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. खाणावळवाल्या बायकांनी सावकाराच्या आणि वाण्याच्या उधारीतून सुटावं, त्यांना बँकेचं कर्ज मिळावं, हा त्यामागचा विचार. मग १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. हजारो जण गावी परतले. म्हणजे जेवणारे गेले, थकबाकी राहिली. मग बँकेचे हप्ते कुणी भरले, कशातून भरले? कर्ज मिळाल्यावर वाण्याची उधारी संपली होती का, की दोन्ही शेजारी शेजारी चालली? या प्रश्नाला ‘हो’ येईल की ‘नाही’ हे मला आज सांगता येत नाही आणि तुलाही येत नाही, म्हणून तो चांगला प्रश्न आहे. एखाद्या आजीच्या ट्रंकेत हिशेबाची वही किंवा बँकेचं पासबुक निघालं, तर त्या चार पानांना मी अस्मितेवरच्या चारशे पानांपेक्षा जास्त मोल देईन.

तू विचारलं होतंस की मॅडम, यात ‘नवं’ काय, गिरणगावावर तर किती लिहून झालंय. खरं आहे. इतिहासकार राजनारायण चंदावरकरांचं काम आहे, राधा कुमारांचं स्त्री कामगारांवरचं आहे, मीना मेनन आणि नीरा आडारकरांनी गिरणगावच्या माणसांचं बोलणं नोंदवून ठेवलं आहे. ते सगळं वाच. पण नवं म्हणजे कुणीच न शिवलेला विषय, ही समजूत सोड. ९ मे १९१६ला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एका परिसंवादात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो इथे मुंबईतून निघणाऱ्या ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह यांतली एकही गोष्ट त्या काळच्या अभ्यासकांना अज्ञात नव्हती. आंबेडकरांनी कुठला नवा ताम्रपट शोधून आणला नव्हता. त्यांनी विचारलं ते असं: एखाद्या गटाला लग्नं गटाच्या आतच ठेवायची असतील, तर नवरा मेल्यावर उरलेल्या बाईचं आणि बायको मेल्यावर उरलेल्या पुरुषाचं तो गट काय करील? हा प्रश्न विचारल्याबरोबर सुट्या सुट्या वाटणाऱ्या चालीरीती एकाच गरजेच्या वाटा म्हणून दिसू लागल्या. शिवाय सेनार, नेसफील्ड, रिस्ली, केतकर या आधीच्या अभ्यासकांच्या जातीच्या व्याख्या त्यांनी नावानिशी घेतल्या आणि प्रत्येकाचं कुठे पटतं, कुठे नाही ते सांगितलं. शेवटी हेही म्हटलं की आपला सिद्धांत टिकत नाही असं कुणी दाखवलं तर तो सोडून द्यायची तयारी आहे. हा निबंध तू प्रस्तावनेत उल्लेखापुरता घेतला आहेस. तो पुन्हा वाच, या वेळी त्याची रचना कशी आहे ते बघत.

आता कागदांविषयी. महाराष्ट्र शासनाचं अभिलेखागार काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. तिथे पहिल्या आठवड्यात काही मिळालं नाही म्हणून खचू नकोस. ‘खाणावळ’ या नावाने फाइल नसणारच. ती बाई तुला दुसऱ्याच कुणाच्या फाइलीत भेटेल: घरभाड्याच्या तक्रारीत, आरोग्य खात्याच्या पत्रव्यवहारात, संपाच्या काळातल्या पोलिसांच्या टिपणांत. म्हणून अनुक्रमणिका वाचायची सवय लाव, फाइलीपेक्षाही सावकाश. लेबर ऑफिसचं ‘लेबर गॅझेट’ १९२१पासूनचं क्रमाने चाळ. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जुनी मासिकं, वर्तमानपत्रं बघ. तिथे जाहिरातींची पानं वगळू नकोस. ‘स्पॅरो’ या स्त्रीविषयक संग्रहात स्त्रियांच्या आठवणींचं ध्वनिमुद्रण आणि छायाचित्रं जपलेली आहेत, तिथल्या लोकांशी बोलून घे. मोडी येत नसेल तर तुझ्या काळासाठी फारसं अडणार नाही, पण १९व्या शतकात मागे जायचं ठरवलंस तर शिकावी लागेल, तिला पर्याय नाही.

आणि माणसांविषयी. इथे मी जरा जास्त बोलणार आहे.

बीडीडी चाळींत किंवा लालबागच्या एखाद्या जुन्या इमारतीत हातात वही घेऊन अनोळखी मुलगी शिरली, की लोकांना संशोधन आठवत नाही. त्यांना पुनर्विकासाचा सर्व्हे आठवतो. कोण राहतं, किती वर्षं, खोली कुणाच्या नावावर, पोटभाडेकरू आहे का, या प्रश्नांच्या उत्तरांवर तिथे घर मिळणं-न मिळणं ठरलेलं आहे. तुझ्या प्रश्नावलीतले पहिले पाच प्रश्न नेमके हेच आहेत. साहजिकच तुला खबरदारीची, ठरीव उत्तरं मिळतील आणि तू ती ‘आधारसामग्री’ म्हणून तक्त्यात भरशील. ते प्रश्न काढून टाक. छापील फॉर्म घरीच ठेव. ओळखीच्या कुणाबरोबर जा, आपण कोण, कुठल्या विद्यापीठातून, कशासाठी आलो ते आधी सांग, आणि याचा खोलीशी काही संबंध नाही हे दोनदा सांग. मग जेवणाबद्दल विचार. भाकरी ज्वारीची की तांदळाची, मासळी कुठल्या दिवशी, कोकणातल्यांना आणि घाटावरच्यांना एकच कालवण चालायचं का, कुणाच्या घरचं कोण जेवायचं नाही. या शेवटच्या प्रश्नाशी जात आपोआप येते, तुला ती वेगळी विचारावी लागत नाही. आणि ती आली की घाई करू नकोस.

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून त्यांच्या मुलाखती घेतल्या, त्याचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ साली आलं. ते घेऊन बस. विद्यापीठाच्या पद्धतीच्या पुस्तकांत मुलाखत कशी घ्यावी याचे नियम मिळतात. कुणाला शोधायचं आणि का, याची कळकळ तुला तिथे दिसेल.

बोलणं रेकॉर्ड करायचं तर परवानगी घे, आणि मध्येच कुणी ‘हे नको लिहू’ म्हणालं तर लिहायचं नाही, मग ते वाक्य प्रबंधाला कितीही उपयोगी असो. नाव द्यायचं की बदलायचं हे त्यांना ठरवू दे. काही बायकांना आपलं खरं नाव छापून यावंसं वाटतं, आयुष्यभर कुठल्याच कागदावर न आलेलं. आपण परस्पर नाव बदलून त्यांचं रक्षण केलं असं मानतो, ते नेहमी बरोबर असतं असं नाही. लिहून झालं की त्यांचा भाग मराठीत त्यांना वाचून दाखव.

बाकीचं थोडक्यात. टिपणांच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेव. समाजशास्त्रज्ञ घुर्यांचे विद्यार्थी एम. एन. श्रीनिवास यांनी एका खेड्यावरची वर्षानुवर्षं तयार केलेली टिपणं १९७० साली अमेरिकेत आगीत गमावली. शोधनिबंध छापायची घाई नको. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०२२च्या नियमांत प्रबंधाआधी छापण्याची सक्ती काढली आणि २०२५मध्ये मान्य नियतकालिकांची केअर यादीही बंद केली. तरी तुझ्या विद्यापीठाची अट काय आहे ते कार्यालयात विचारून घे. पैसे घेऊन आठवड्यात लेख छापणाऱ्या नियतकालिकांच्या मेलना उत्तर देऊ नकोस. आणि संगणकाने करून दिलेल्या गोषवाऱ्यातला एकही संदर्भ मूळ पान बघितल्याशिवाय उचलू नकोस, त्यात अस्तित्वात नसलेली पुस्तकं अतिशय आत्मविश्वासाने येतात.

प्रबंध इंग्रजीत लिहिणार आहेस, लिही. पण किमान एक लेख मराठीत, ‘समाज प्रबोधन पत्रिका’ किंवा ‘नवभारत’सारख्या ठिकाणी पाठव. मी हे भाषेच्या अभिमानापोटी सांगत नाही. ज्यांच्या आजीच्या हातचं जेवून गिरणी चालली, ती माणसं डोंबिवलीला, बदलापूरला राहतात आणि मराठी वाचतात. तुझं चुकलं असेल तर ते सांगू शकणारे तेच आहेत, तुझे परीक्षक नव्हेत. त्यांच्यापर्यंत न पोचलेल्या संशोधनाला कुणी ‘नाही’ म्हणायला उरत नाही.

पुढच्या महिन्यात येशील तेव्हा नवा आराखडा आणू नकोस. एका कागदावर एका वाक्यात प्रश्न लिहून आण, आणि त्याखाली, कुठला कागद किंवा कुणाची साक्ष मिळाली तर तुझा अंदाज खोटा ठरेल, ते लिही. अभिलेखागारासाठी शिफारसपत्र लागेल, त्यावर विभागप्रमुखांची सही आधीच घेऊन ठेव. मे महिन्यात त्या सापडत नाहीत. आणि आईला विचार, आजीची हिशेबाची वही घरात कुठे आहे का.

तुझी,
मॅडम