निर्वासित कलाकारांची नाटकं फक्त त्यांच्या दुःखाबद्दलच असतात का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. निर्वासित कलाकारांची नाटकं नेहमी घर सुटल्याच्या दुःखाबद्दलच असतात का, आणि पोटाची भ्रांत असताना माणसं नाटकाच्या मागे का लागतात. जगभरच्या अशा रंगभूमीबद्दल बोलण्याइतकं मी पाहिलेलं नाही. पण एक रंगभूमी जवळून पाहिली आहे, तिबेटी लोकांचं ल्हामो. तुमचा पहिला प्रश्न मीही तिथे एका आजींना विचारला होता. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातली. आमच्याकडे गोठणगावला, प्रतापगडाच्या बाजूला, तिबेटी लोकांची वसाहत आहे. नाव नोर्ग्येलिंग, १९७२ सालची. तेव्हा हा सगळा भाग भंडारा जिल्ह्यात होता, त्यामुळे देशभरचे तिबेटी अजूनही तिला 'भंडारा' म्हणूनच ओळखतात. शाळेत माझ्या बाकावर त्या वसाहतीतली एक मुलगी बसायची. घरी तिबेटी, आमच्याशी अस्सल झाडीबोली.

माझे वडील झाडीपट्टीच्या नाटकात पेटी वाजवायचे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, पूर्व विदर्भात दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरायला लागली की गावोगावी नाटकं सुरू होतात, ती होळीपर्यंत. रात्री दहाला पडदा वर जातो आणि उजाडेपर्यंत कोणी उठत नाही. मी मैत्रिणीला दरवर्षी बोलवायची. ती म्हणायची, "थंडीत आमच्याकडं कोन रायते घरी?" आईवडील स्वेटरं विकायला शहरात गेलेले असायचे आणि धाकट्या भावाला सांभाळायला ही. आमच्या नाटकाचा हंगाम तोच त्यांच्या कमाईचा हंगाम होता. त्यांचंही एक नाटक आहे, दिवसभर चालणारं, हे ती तेव्हा कधी बोलली नाही आणि मीही कधी विचारलं नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढे लग्न होऊन ती हिमाचल प्रदेशातल्या धरमशाळेला गेली. काही वर्षांपूर्वी तिने मला शोतोनला बोलावलं. शोतोन म्हणजे दह्याचा उत्सव. पूर्वी तिबेटच्या राजधानीत, ल्हासामध्ये, दलाई लामांच्या उन्हाळी महालात, नोर्बुलिंकात, त्या दिवसांत ठिकठिकाणची ल्हामो मंडळं येऊन खेळ करायची. आता धरमशाळेत मॅक्लिऑडगंजच्या वर तिबेटी प्रयोगकला संस्था आहे. सगळे तिला टिपा म्हणतात. तिच्या पटांगणात हा उत्सव भरतो.

मी गेले ती मनात चित्र घेऊनच. बर्फातून चालत येणारी माणसं, मागे सुटलेली घरं, रडणारी मुलं. समोर सुरू होती राजपुत्र नोरसांगची गोष्ट. एक शिकारी जादूच्या फासाने एका अप्सरेला पकडतो, ती राजपुत्राची राणी होते, बाकीच्या राण्या जळतात, राजपुत्राला लांब उत्तरेच्या लढाईवर धाडलं जातं, इकडे तिच्या जिवावर उठतात, ती आकाशात उडून जाते आणि तो तिला शोधत निघतो. दुपार झाली तरी तिबेट सोडल्याचा कुठे उल्लेख नाही. शेजारी एक आजी बसल्या होत्या, मांडीवर थर्मास घेऊन. मैत्रिणीमार्फत मी त्यांना विचारलं, "यात तुमचा देश सुटल्याची गोष्ट कधी येते?" आजींनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "ती मला पाठ आहे. मी नोरसांग बघायला आले." मग माझ्या हातात चहाचा कप दिला. लोणी घातलेला, खारट.

तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. निर्वासितांनी रंगमंचावर येऊन आपलं दुःखच सांगावं ही अपेक्षा बऱ्याचदा आपली, म्हणजे बघायला आलेल्या यजमानांची असते. मी स्वतः ती घेऊन गेले होते.

आता ल्हामो कसं असतं ते सांगते, कारण त्यातच दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. पूर्ण नाव आचे ल्हामो. आचे म्हणजे ताई, ल्हामो म्हणजे देवी. थांगतोंग ग्याल्पो नावाचा एक सिद्ध होऊन गेला, लोखंडी साखळ्यांचे झुलते पूल बांधणारा. पुलासाठी पैसे जमवायला त्याने सात बहिणींना घेऊन नाचगाण्याचा खेळ उभा केला, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. आजही रिंगणाच्या मधोमध त्याची प्रतिमा मांडलेली असते. रंगमंच नाही, पडदा नाही. वर कापडाचं छत, चारी बाजूंनी प्रेक्षक. आमच्याकडचं जुनं लोकनाट्य, दंडार, ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे रिंगण लगेच ओळखीचं वाटेल.

वाद्यं फक्त दोन, एक ढोल आणि झांजा. आधी निळे मुखवटे घातलेले शिकारी येऊन जमीन शुद्ध करतात, मग आशीर्वाद देणारे वडीलधारे येतात, मग देव्या गातात. आपल्या तमाशात गण-गवळण होऊन मग वग सुरू होतो, तशीच ही सुरुवात. त्यानंतर एक निवेदक पुढचा प्रसंग भरभर, एका दमात म्हणून टाकतो, आणि ज्या पात्राची वेळ असेल ते गाऊ लागतं. ते गाणं मी शब्दांत सांगू शकत नाही. आवाज वर चढतो, गळ्यात तुटल्यासारखा होतो, परत जुळतो, आणि शेवटाला बाकीचे सगळे त्या सुरात सूर मिसळतात. वडिलांच्या पेटीमुळे माझा कान बरा तयार आहे, तरी सुरुवातीला तो सूर कुठे धरायचा हे मला कळेना. मधेच विनोदी प्रसंग येतात. त्यात भिक्षू, देव अंगात येणारे, अधिकारी, कोणीच सुटत नाही. आपल्या सोंगाड्याला हे काम सांगावं लागत नाही आणि त्यांच्याही नाही. शेवटी मंगल गाणं होतं, तेव्हा लोक पांढरी खाता, म्हणजे मानाचं उपरणं, आणि पैसे नटांना देतात.

हे सगळं पुस्तकात किती मावणार? कथा लिहिलेल्या आहेत. पण तो तुटून जुळणारा आवाज एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यातच जातो. समोर बसून, वर्षानुवर्षं. मधली एक पिढी चुकली की संपलं.

मार्च १९५९ मध्ये, चीनविरुद्धच्या उठावाच्या वेळी, दलाई लामा ल्हासातून भारताकडे निघाले. त्यांच्या मागोमाग सुमारे ८० हजार माणसं आली. थंड पठारावरची माणसं मैदानातल्या उन्हाने आणि क्षयाने खचली. किती तरी जण हिमालयात रस्ते बांधायच्या कामावर दगड फोडत होते. आणि त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, पश्चिम बंगालमधल्या कालिम्पोंगला नाचगाणी आणि नाटकासाठीची मंडळी उभी केली गेली. तीच आजची टिपा. देश सोडल्यानंतर उभारलेल्या अगदी पहिल्या संस्थांपैकी ही एक. कालिम्पोंग जुनं व्यापारी गाव, तिबेटी माणसांची तिथे आधीपासून वस्ती होती. जी शिकवणारी माणसं हाताशी होती, ती म्हातारी व्हायच्या आत मुलांना त्यांच्यासमोर बसवायचं होतं.

पोटाची भ्रांत असताना नाटक का, याचं उत्तर मला या तारखेत दिसतं. घाई होती म्हणून. घर, शेत, शाळा यांना उशीर झाला तर ती दहा वर्षांनीही बांधता येतात. आमच्या गोठणगावची वसाहत १३ वर्षांनी उभी राहिली. गाणारा गळा तेवढा थांबत नाही. पुढे तिबेटमध्ये चीनच्या सांस्कृतिक क्रांतीच्या वर्षांत हे पारंपरिक खेळ बंदच पडले. त्या काळात ते इकडच्या डोंगरात, परक्या देशात चालू होते.

मैत्रीण सांगते की टिपात वेगवेगळ्या वसाहतींतली मुलं राहून शिकतात, आणि तिथून तयार झालेले शिक्षक तिबेटी शाळांत गाणं-नाच शिकवायला जातात. पूर्वी बहुतेक मंडळांत बायकांची कामं पुरुषच करायचे. आपल्या संगीत नाटकाच्या माणसाला यात काही नवल वाटणार नाही. इकडे आल्यावर मुली सर्रास गाऊ लागल्या. म्हणजे 'जसंच्या तसं जपलं' हेही पूर्ण खरं नाही, आणि ते मला आवडतं.

एक गोष्ट तर आपल्या घरचीच. ल्हामोच्या ठरलेल्या कथांत द्रिमे कुंदेन नावाच्या राजपुत्राची कथा आहे. मागेल त्याला काहीही देऊन टाकणारा. संपत्ती देतो, मुलं देतो, बायको देतो, तिबेटी कथेत तर शेवटी स्वतःचे डोळेही. हा म्हणजे जातकातला, बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांतला, विश्वंतर. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात भिंतीवर त्याची सगळी गोष्ट रंगवलेली आहे. मी शाळेच्या सहलीत ती पाहिली होती, गाइड भराभर पुढे नेत होता. इथून डोंगरापलीकडे गेलेली कथा कित्येक शतकांनी घर सुटलेल्या माणसांच्या गळ्यातून परत आली, हे मला धरमशाळेच्या पटांगणात बसल्यावर उमगलं आणि अंगावर काटा आला.

अर्थात सगळे निर्वासित कलाकार असंच करतात असं नाही. २०१३ मध्ये जॉर्डनमधल्या अम्मानला सीरियातून आलेल्या बायकांनी प्राचीन ग्रीक नाटककार युरिपिडीसचं 'ट्रोजन विमेन' केलं. त्यातल्या बहुतेक जणी आयुष्यात पहिल्यांदा रंगमंचावर आल्या होत्या, आणि हरलेल्या ट्रॉयच्या बायकांच्या तोंडच्या शब्दांत त्यांनी स्वतःच्या आठवणी घातल्या. तिथे दुःख थेट समोर होतं. पण तेही अडीच हजार वर्षांच्या जुन्या नाटकाचा आधार घेऊन, आणि काय बोलायचं ते त्यांचं त्यांनी ठरवून. मला तेवढं पुरेसं वाटतं. दुःख मांडावं की राजपुत्राची गोष्ट सांगावी, हे घर सुटलेल्या माणसानेच ठरवायचं आहे.

एक गोष्ट मनाला लागते ती सांगतेच. २००९ मध्ये युनेस्कोने तिबेटी ऑपेराचा, म्हणजे ल्हामोचा, मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. प्रस्ताव चीनचा होता, यादीतही देश म्हणून चीनचं नाव आहे. तिबेटमध्ये राहून गाणाऱ्या कलाकारांबद्दल मला आदरच आहे, तीही त्याच परंपरेची माणसं. पण १९५९ पासून दुसऱ्याच्या जमिनीवर हे चालवणाऱ्यांची तिथे ओळही नसावी, हे बरोबर नाही.

तुम्हाला प्रत्यक्ष बघायचं असेल तर धरमशाळेचा शोतोन साधारण मार्च-एप्रिलच्या सुमारास असतो. तारखा तिबेटी पंचांगावर आणि संस्थेवर अवलंबून, म्हणून आधी चौकशी करा. कथा वाचून जा, नाहीतर पहिले दोन तास वाया जातात. निवड करता आली तर नांगसा ओबुमचा खेळ बघा. सासरच्या छळाने मेलेली आणि मरणातून परत आलेली बाई आहे ती. आपल्या जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेल्या माणसाला भाषा न कळताही ती कळेल. बसायला जाड सतरंजी आणि डोक्याला टोपी न्या, डोंगरातलं ऊन भाजून काढतं. आणि अर्ध्यात उठू नका. आजूबाजूची माणसं डबे उघडतील, गप्पा मारतील, पोरं पळतील, त्याने बिचकू नका. झाडीपट्टीतही असंच असतं.

यंदा होळीच्या आधी मैत्रीण माहेरी गोठणगावला येते आहे. आमच्या गावात त्याच आठवड्यात वडसाच्या एका कंपनीचं नाटक लागलंय. बत्तीस वर्षांच्या ओळखीत ती पहिल्यांदाच ते बघणार. सतरंजी मी घेते, थर्मास ती आणते असं फोनवर ठरलंय.