पेट्रोलमधील इथेनॉल आणि पावसाळ्यात अडलेली मोटारसायकल

प्रश्न (खानापूर तालुक्यातील एक वाचक): माझी कार्बुरेटरची मोटारसायकल २०१२ सालची आहे. यंदाच्या पावसाळ्यात ती परसात महिनाभर उभी राहिली आणि नंतर कितीही किक मारल्या तरी सुरू होईना. मेकॅनिकने कार्बुरेटरची वाटी उघडली, तेव्हा तळाशी पाणी निघाले. पूर्वी लिटरला ५५ किलोमीटर जाणारी गाडी आता ४२ वर आली आहे. हा सारा पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलचा दोष समजावा काय? आमच्या घरचा ऊस इथेनॉल करणाऱ्या कारखान्याला जातो, म्हणून हे नीट समजून घ्यावेसे वाटते.

उत्तर: आपल्या दोन तक्रारींची कारणे वेगळी आहेत. आधी ॲव्हरेजचे पाहू. एक लिटर पेट्रोल जळाल्यावर सुमारे ३२ मेगाजूल ऊर्जा मिळते, तर एक लिटर इथेनॉलपासून सुमारे २१, कारण इथेनॉलच्या वजनाचा जवळजवळ ३५ टक्के भाग ऑक्सिजनचाच असतो आणि तो स्वतः इंधन नव्हे. फेब्रुवारी २०२३ मध्ये बंगळूर येथे ज्याच्या विक्रीचा प्रारंभ झाला, त्या २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणात या हिशेबाने निव्वळ पेट्रोलपेक्षा सुमारे ७ टक्के ऊर्जा कमी भरते. म्हणजे ५५ चे ५१ च्या आसपास व्हावेत. जुन्या कार्बुरेटरचा जेट, म्हणजे इंधन सोडणारे बारीक छिद्र, मिश्रण बदलले तरी आपले माप बदलत नाही. इथेनॉलला जळण्यास हवा कमी लागत असल्याने हवेचे प्रमाण जास्त ठरते आणि गाडी थोडी अडखळते, हेही खरे. तरीही ४२ पर्यंतची घसरण एवढ्याने होत नाही. एअर फिल्टर, झिजलेला जेट आणि घासणारा ब्रेक तपासून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाण्याच्या बाबतीत मात्र इथेनॉलचा संबंध थेट आहे. त्याच्या रेणूच्या एका टोकाला ऑक्सिजन व हायड्रोजनची जोडी असते, ती पाण्याशी घट्ट सलगी करते. दुसरे टोक पेट्रोलमध्ये मिसळते. टाकीत थोडे पाणी आले, तर इथेनॉल ते सामावून घेते आणि ते इंजिनात निमूट निघून जाते. पाणी मर्यादेपलीकडे गेले, की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाशी बसते, आणि टाकीचा कॉक (इंधनाची तोटी) तळाशी असल्यामुळे कार्बुरेटरमध्ये पहिल्यांदा हाच थर उतरतो. वाटीत पाणी म्हणून जे निघाले, ते बहुधा पाणी आणि इथेनॉल मिळून असावे. २० टक्के मिश्रण १० टक्क्यांच्या मिश्रणापेक्षा अधिक पाणी सामावते, ही गोष्ट अनेकांना उलटी वाटते, पण ती तशीच आहे. शिवाय महिनाभरात केवळ दमट हवेतून एवढे पाणी सहसा जमत नाही. आपल्या तालुक्यातल्या जांबोटीकडच्या पावसात गाडी उघड्यावर असेल, तर टाकीच्या झाकणाचे रबर आधी पाहावे.

थर वेगळे झाल्यावर वरून नवे पेट्रोल ओतण्याच्या भरवशावर राहू नये. विस्तवापासून दूर, मोकळ्या जागी टाकी पूर्ण रिकामी करून घ्यावी. पुढच्या पावसाळ्यात गाडी उभी करण्यापूर्वी टाकी भरून ठेवावी, कॉक बंद करावा आणि वाटीतले इंधन संपेपर्यंत इंजिन चालू द्यावे. जुन्या नळ्या व सील फुगलेले किंवा चिरलेले दिसल्यास लगेच बदलावेत.

प्रश्न (अथणी येथील एक वाचक): मग उसाच्या मळीपासून (साखर काढल्यावर उरणाऱ्या पाकापासून) इथेनॉल करताना त्यातले पाणी कसे काढतात?

उत्तर: साध्या ऊर्ध्वपातनाने, म्हणजे उकळून निघालेली वाफ थंड करून, इथेनॉल वजनाने ९५.६ टक्क्यांपर्यंतच पोहोचते. पुढे पाणी आणि इथेनॉल यांची वाफ द्रवातल्याच प्रमाणात निघते. म्हणून ती वाफ झिओलाइट या सच्छिद्र खनिजाच्या मण्यांतून नेतात. त्यांची छिद्रे सुमारे ३ अँगस्ट्रॉमची असतात (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). पाण्याचा लहान रेणू आत अडकतो आणि इथेनॉलचा मोठा रेणू बाहेरून पुढे निघून जातो.