ऑफिसचा सर्व्हर रोज रात्री बंद करावा का? करायचा तर कसा?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसात एकच सर्व्हर आहे, त्यावर टॅली आणि सगळ्यांच्या फायली. संध्याकाळी शेवटी निघणारा माणूस पॉवरचं बटण दाबून धरतो आणि मग भिंतीवरचा स्विच बंद करतो. हे चालेल का?

नाही चालणार. हे आजच थांबवा.

बटण एकदा दाबून सोडलं तर सिस्टिमला 'आवरतं घे' एवढाच निरोप जातो. चारेक सेकंद दाबून धरलं की कोणालाही न विचारता वीज तुटते. आपण सेव्ह केलेलं सगळं लगेच डिस्कवर उतरतं असं नाही. ते आधी मेमरीत थांबतं, लिनक्सवर (विंडोजऐवजी वापरली जाणारी ऑपरेटिंग सिस्टिम) साधारण ३० सेकंदांपर्यंत. एनटीएफएस (विंडोजची) किंवा ईएक्सटी४ (लिनक्सची) अशा फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फायली मांडून ठेवणाऱ्या व्यवस्था, अचानक वीज गेली तरी स्वतःची मांडणी सावरतात, पण तुमची शेवटची व्हाउचर एंट्री वाचवण्याची हमी त्यांच्याकडे नसते.

म्हणून आधी सगळ्यांना टॅलीतून बाहेर पडायला सांगा, बॅकअप चालू नाही ना ते बघा, आणि मगच मेनूतून शटडाऊन द्या. स्क्रीन काळी झाली म्हणजे मशीन बंद झालं असं समजू नका, पंखे थांबू द्या. अपडेट चालू असेल किंवा डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर वाट बघा. लिनक्सवर अडकलेल्या एकेका सर्व्हिससाठी (मागे चालणाऱ्या प्रोग्रॅमसाठी) सिस्टिम सहसा ९० सेकंद थांबते. बराच वेळ काहीच हालचाल नसेल, तरच बटण दाबून धरायचं.

चालू करताना आधी राउटर आणि नेटवर्क स्विच, नॅस (नेटवर्कवरची फायली साठवायची पेटी) असेल तर ती पूर्ण उठेपर्यंत थांबायचं, मग सर्व्हर आणि शेवटी बाकीचे पीसी. बंद करताना याच्या उलट.

पण मुळात रोज बंद करायची गरज काय? माझं मत, करू नका. बॅकअप आणि डिस्कची तपासणी रात्रीच व्हायला हवी. शिवाय भिंतीवरचा स्विच रोज बंद झाला की मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलवर भार येतो आणि तो लवकर संपतो. मग त्या सेलवर चालणारं सर्व्हरचं घड्याळ चुकतं. विंडोज डोमेन (सगळ्यांचं लॉगिन सर्व्हरवरून तपासायची सोय) असेल तर पीसी आणि सर्व्हरच्या वेळेत ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की लॉगिनच अडू लागतं, आणि लोक पासवर्ड बदलत बसतात! खोली बंद असेल आणि रात्री फार तापत असेल तर गोष्ट वेगळी; तेव्हा नीट शटडाऊन करा, पण भिंतीवरचा स्विच चालूच ठेवा.

खरी काळजी लाइट जाण्याची करा. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते ते आधी कळतं तरी, पावसाळ्यात मात्र कुठेही, कधीही जाते. बऱ्याच यूपीएसना यूएसबी पोर्ट असतो, पण ती केबल ड्रॉवरमध्ये पडून राहते. ती सर्व्हरला जोडा, कंपनीचं सॉफ्टवेअर टाका (लिनक्सवर नट नावाचं मोफत मिळतं) आणि बॅटरी निम्मी उरली की सर्व्हर आपोआप शटडाऊन होईल असं सेटिंग करा. शेवटच्या ५ टक्क्यांवर विसंबू नका, जुनी बॅटरी एकदम बसते. लेड-ॲसिड बॅटरी ३ ते ५ वर्षांत थकते, तेव्हा बसवल्याची तारीख यूपीएसवरच लिहून ठेवा. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) लाइट आल्यावर आपोआप चालू व्हायचं की नाही हेही ठरवता येतं. तुमच्याकडे लाइट आल्यावर लगेच पुन्हा जात असेल, तर ते बंदच ठेवा आणि थोडा वेळ थांबून हाताने चालू करा.

हे सगळं जमलं की एखाद्या रविवारी बॅकअप घेऊन, सगळे प्रोग्रॅम बंद करून चाचणी करा. यूपीएसचा प्लग उपसू नका, फक्त भिंतीवरचा स्विच बंद करा, म्हणजे अर्थिंग जोडलेलं राहतं. सर्व्हर स्वतःहून बंद होतो का आणि तेव्हा बॅटरी किती उरते, ते तिथे उभं राहून बघा.